दिसत तर काही नाही हो!

आर्थ्रायटिस म्हटलं की गुडघे धरून जिना चढणाऱ्या आजी आठवतात. तो बहुधा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज. मी लिहितेय तो रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. तो ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो, आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. माझ्या आईला अडतिसाव्या वर्षी झाला.

आपल्या सांध्यांना आतून सायनोव्हियम नावाचं पातळ अस्तर असतं. (मी कॉन्व्हेंटवाली. 'अस्तर' हा शब्द आईने पुरवला, ब्लाउजला लावतात तोच!) या आजारात आपलीच इम्यून सिस्टीम त्या अस्तराला शत्रू समजते. तिथल्या पेशी टीएनएफ, आयएल-६ अशी रसायनं सोडतात. ती आणखी पेशींना बोलावतात आणि त्या पेशी आणखी रसायनं सोडतात. कंट्रोल सिस्टीम्सचा पेपर दिलेल्यांना कळेल, शुद्ध पॉझिटिव्ह फीडबॅक! अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारचं हाड कुरतडायला लागतं. कुरतडलेलं हाड सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून औषध लवकर सुरू व्हायला हवं. आईच्या निदानाला दीड वर्ष लागलं. तोवर कुणी म्हणे कॅल्शियम कमी, कुणी म्हणे टेन्शन घेता. उजव्या हाताची दोन बोटं त्या काळात वाकली, ती वाकलीच.

आयएल-६ पहाटे सगळ्यात जास्त वाढतं. त्यामुळे सकाळी सहाला आईला डब्याचं झाकण उघडत नाही, परकराची नाडी बांधता येत नाही. अकरा वाजता तीच बाई गवार मोडत बसलेली असते. मग शेजारच्या काकू म्हणतात, "दिसत तर काही नाही हो!" मला वाटतं, दुखण्यापेक्षा हे वाक्य जास्त लागतं. आई हल्ली लग्नाकार्याला जायचंच टाळते.

आता मनाचं. तुम्हाला ताप आला की पडून राहावंसं वाटतं, कुणाशी बोलायला नको, जेवण नको. तो काही आळस नसतो. हीच रसायनं मेंदूला तसा निरोप देतात. आपला ताप तीन दिवसांत उतरतो. या आजारात तो निरोप महिनोन्महिने चालू राहतो! त्यात झोपमोड, वाकलेली बोटं, लोकांचे टोमणे. या रुग्णांमध्ये डिप्रेशन इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि डिप्रेशन आलं की तेवढीच सूज जास्त दुखते. म्हणजे इथेही फीडबॅक आहेच.

जर्मनीत एर्लांगेनच्या संशोधकांचा एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना टीएनएफ अडवणारं औषध देऊन त्यांनी मेंदूचे एमआरआय काढले. २४ तासांच्या आत मेंदूतली वेदनेची खळबळ कमी झाली होती. सांधे मात्र अजून तसेच सुजलेले! "मन खंबीर ठेवा" असं सांगणाऱ्या आमच्या तमाम नातेवाईकांना मला हा पेपर वाचून दाखवायचाय.

टीएनएफ अडवण्याची ही युक्ती मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये लंडनमध्ये रुग्णांवर पहिल्यांदा वापरली. पण ती इंजेक्शनं महाग. आईचं काम मेथोट्रेक्सेटवर चालतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल असतो. सोमवारी आईला मळमळतं, म्हणून सोमवारी खिचडी.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खास बातमी. मेंदूतून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस इम्यून सिस्टीमला शांत करू शकते. मानेत त्या नसेवर बसवून रोज एक मिनिट विजेचे सौम्य झटके देणाऱ्या छोट्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने २०२५ मध्ये या आजारासाठी मान्यता दिली. मी आईला हे अगदी सर्किटचं चित्र काढून समजावलं. तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे लाइट गेले की माझे हात बंद?"