जे शहर अजून सापडलेलंच नाही, त्याच्या राजांची यादी मात्र रोमकडे तयार होती

जुलै महिन्याला हे नाव ज्युलियस सीझरवरून पडलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्या घराण्याला हे नाव कुठून मिळालं? सीझरला विचारलं असतं, तर त्याने रोमच्या आग्नेयेला साधारण 20 किलोमीटरवर असलेल्या डोंगरांकडे बोट दाखवलं असतं. तिथे म्हणे एक शहर होतं, आल्बा लोंगा.

दंतकथा अशी आहे. ग्रीकांनी ट्रॉय जाळलं, तेव्हा इनिअस नावाचा योद्धा म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन तिथून निसटला. हा साधासुधा माणूस नव्हे, प्रेमाची देवता व्हीनस त्याची आई. भटकत भटकत तो इटलीत पोहोचला. तिथे 30 पिल्लांसह पडलेली एक पांढरी डुकरीण दिसली आणि तो शकुन मानला गेला. 30 वर्षांनी इनिअसचा मुलगा अस्कानियस याने आल्बा लोंगा वसवलं. लॅटिनमध्ये आल्बा म्हणजे पांढरी आणि लोंगा म्हणजे लांब, कारण शहर डोंगराच्या धारेवर लांबलचक पसरलेलं. याच अस्कानियसचं दुसरं नाव इयुलस. सीझरचं घराणं म्हणायचं, त्यावरूनच आम्ही ज्युलियस.

पुढे याच गादीवरून भावाभावांत भांडण झालं. अम्युलियसने थोरल्या न्यूमिटरला हाकललं आणि त्याच्या मुलीची जुळी पोरं नदीत सोडायला लावली. त्यांना लांडगिणीने दूध पाजलं. ती पोरं म्हणजे रोम्युलस आणि रेमस. त्यांनी आजोबांना गादी परत मिळवून दिली आणि मग रोम वसवायला निघाले.

आता खरी गंमत इथे आहे.

सुरुवातीचे रोमन कवी रोम्युलसला थेट इनिअसचा नातू म्हणायचे. मधे एवढे राजे नव्हतेच. पण ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने ट्रॉय पडल्याचं साल काढलं इ.स.पू. 1184, आणि रोमच्या स्थापनेचं मान्य झालेलं साल होतं इ.स.पू. 753. म्हणजे आजोबा आणि नातवामध्ये चारशेहून जास्त वर्षं! ही पोकळी भरायला आल्बाचे राजे कामाला आले. एकामागून एक डझनभर राजे आणि सगळ्यांचं आडनाव सिल्वियस.

ही नावं वाचली तरी जुळवाजुळव लक्षात येते. टायबेरिनस नावाचा राजा नदीत बुडाला म्हणून नदी टायबर. अव्हेंटिनसला टेकडीवर पुरलं म्हणून टेकडी अव्हेंटाइन. एका राजाचं नाव कापिस, आणि इनिअसच्या आजोबांचं नावही तेच! खुद्द रोमन इतिहासकार लिव्हीसुद्धा अस्कानियसची आई नेमकी कोण यावर सावध होतो. इतक्या जुन्या गोष्टीबद्दल ठामपणे कोण सांगणार, असा त्याचा सूर आहे.

मग या शहराचं झालं काय? कथेनुसार रोमचा तिसरा राजा ट्युलस होस्टिलियस याने ते जमीनदोस्त केलं. देवळं तेवढी सोडली आणि माणसं उचलून रोममध्ये वसवली. त्यांत ज्युलियस घराणंही आलं. शहर कुठेच दिसत नाही, याचं उत्तरही असं कथेतच मिळालं.

आज तिथे आल्बानो तलाव आहे आणि काठावर पोपच्या उन्हाळी महालासाठी प्रसिद्ध असलेलं कास्टेल गांडोल्फो. या भागात लोहयुगाच्या सुरुवातीच्या वस्त्यांच्या खुणा आणि दफनभूमी सापडल्या. झोपडीच्या आकाराचे, राख ठेवायचे मातीचे कलशही मिळाले. थोडक्यात, माणसं नक्की राहत होती, पण विखुरलेल्या खेड्यांत. राजधानी शोभेल असं मोठं शहर मिळालेलं नाही.

तरी या कथेने राजकारण तापवलं. रोमने राजेशाही हाकलून दिली होती, 'राजा' हा शब्द तिथे शिवीसारखा. अशा रोममध्ये सीझर उंच लाल बूट घालू लागला. कारण काय, तर आल्बाचे राजे तसेच घालायचे आणि आपण त्यांचे वंशज! इ.स.पू. 44 च्या जानेवारीत तो आल्बाच्याच डोंगरावरचा लॅटिन उत्सव आटोपून वाजतगाजत परतला. गर्दीतून काहींनी त्याला 'राजा' म्हणून हाक मारली. आपण सीझर आहोत, राजा नव्हे, असं म्हणून त्याने वेळ मारून नेली. पण संशय काही गेला नाही. दोन महिन्यांच्या आत, 15 मार्चला त्याचा खून झाला.

त्याचा वारस ऑगस्टस जास्त हुशार निघाला. स्वतःला राजा म्हणवून घेण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही. इ.स.पू. 2 मध्ये त्याने रोममध्ये नवा भव्य चौक खुला केला. तिथे एका बाजूला इनिअस, आल्बाचे राजे आणि ज्युलियस घराण्यातले पूर्वज असे पुतळे ओळीने उभे होते.