जतला हवंय पाणी

भाषेवरून विद्यापीठ फुटतं? बेल्जियममध्ये फुटलं. १९६८च्या आंदोलनानंतर लुव्हेनमधल्या फ्रेंच विभागाला गाव सोडावं लागलं, लायब्ररीतली पुस्तकंसुद्धा वाटली गेली! आपल्याकडचं प्रकरण वेगळं. विश्रामबागला तुमच्या वर्गात जतची पोरं असतील, त्यांनाच विचारा. जतच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. पण २०१२मध्ये तिथल्या गावांनी कर्नाटकात जायचा ठराव केला तो भाषेसाठी नव्हे, पाण्यासाठी. २०२२मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मईंनी तोच ठराव उकरून काढला, नि मुंबईत अस्मिता खडबडून जागी झाली. म्हैसाळ विस्तारित योजनेची फाइलही तेव्हाच पळू लागली. त्याआधी ही गावं टँकरची वाट बघायची, तेव्हा कुठं होती हो ही अस्मिता?