नित्यनेमाची आगगाडी

आपल्या शास्त्रकारांनी कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकी नित्यकर्माचे लक्षण मोठे मार्मिक आहे. ते केल्याने काही विशेष पुण्य पदरी पडते असे नाही. मात्र न केल्यास प्रत्यवाय घडतो. संध्या केली म्हणून कोणी पाठ थोपटीत नाही. चुकविली की वडिलांच्या तत्काळ ध्यानी येते. शाळेत हा भेद समजावून देताना आम्हांस एक घरचा दृष्टान्त नेहमी उपयोगी पडे. तो म्हणजे आमच्या हातकणंगल्याच्या स्थानकावरील आगगाड्यांचा. यात्रेची जादा गाडी ती नैमित्तिक. सुट्टीतील सहलीची ती काम्य. आणि कोल्हापूर-मुंबईची रोजची एक्स्प्रेस ती नित्य. मुले हसत, पण लक्षण विसरत नसत.

हा नित्यनेम आमच्या मुलखात कसा आला, ते तरुण वाचकांस ठाऊक असावे. १८८८ साली कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कामाचा शुभारंभ शाहू महाराजांच्या हस्ते झाला. महाराजांना तेव्हा चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते, आणि राज्यकारभार प्रत्यक्ष हाती येण्यास आणखी सहा वर्षांचा अवधी होता. १८९१ साली मार्ग सुरू झाला. सुमारे २९ मैलांचा हा फाटा करवीर दरबाराने स्वतःच्या पैशाने बांधविला. गाड्या चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे होते. पुढे महाराजांनी याच मार्गावर आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर ही पेठ वसविली. रूळ आधी आणि गाव मागाहून, असा हा प्रकार.

मार्ग मूळचा मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर ठेवलेला होता. पुण्याहून मुंबईकडे जाणारा मार्ग त्याहून रुंद. त्यामुळे मुंबईस निघालेल्या कुटुंबास पुण्यात उतरून वळकट्या, ट्रंका, फराळाचे डबे आणि पोरे यांची मोजदाद करीत गाडी बदलावी लागे. आम्हीही लहानपणी अशा मोजदादीत एकदा कमी भरलो होतो, असे आमची आत्या सांगे. १९७१ साली कोल्हापूरपर्यंत रुंद मार्ग झाला आणि ही यातायात संपली. रात्रीची महालक्ष्मी आणि दिवसाची कोयना ही दोन नावे पुढे आमच्या घराघरांत सगेसोयऱ्यांसारखी रुळली. इचलकरंजीला स्वतःचे स्थानक नाही. तिला जवळचे स्थानक ते हातकणंगले. म्हणून मागवाल्यांच्या आणि सूत-कापडाच्या व्यापाऱ्यांच्या प्रवासाची सुरुवात पुष्कळदा आमच्याच फलाटावर होई.

रोजच्या गाडीचे मोल आम्हांस कळले ते मात्र १९८४ साली. मातोश्री अखेरच्या दुखण्यात होत्या. थोरले बंधू गिरगावात राहत. आम्ही सकाळी तार केली, ती त्यांना दुपारी पोचली. त्यांनी वार पाहिला नाही, पंचांग पाहिले नाही. रात्री महालक्ष्मीत दाराशी ट्रंकेवर बसून निघाले आणि दुसरे दिवशी सकाळी हातकणंगल्यास उतरले. मातोश्रींनी डोळे उघडून 'आलास?' एवढेच विचारले. दोन प्रहरी त्या गेल्या. गाडी एका दिवसाआडची असती, किंवा आमच्या स्थानकावर न थांबणारी असती, तर तो एक शब्द आमच्या घराण्यास मिळाला नसता. त्या गाडीचे आभार कोणी मानले नाहीत, आम्हीही नाही. नित्यकर्माचे आभार कोण मानतो?

प्रत्यवाय म्हणजे काय, हे सर्वांस पुढे कळले. २०१९ च्या जुलैत मुंबईहून निघालेली महालक्ष्मी उल्हास नदीच्या पुरामुळे वांगणीजवळ पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते. ते सारे सुखरूप बाहेर निघाले. ती एका रात्रीची आपत्ती होती. पण २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे देशभर प्रवासी गाड्या थांबल्या आणि आमच्या फलाटावर गवत उगवले. घड्याळ न पाहता, गाडीच्या शिटीवरून गाळणीत चहा ओतणारी आमची वहिनी त्या दिवसांत अंमळ गोंधळूनच गेली होती. पुढे गाड्या हळूहळू सुरू झाल्या. परंतु मुंबई-कोल्हापूरची सह्याद्री एक्स्प्रेस मात्र कितीतरी काळ सुटलीच नाही.

आता नव्या युगाचा रोख वेगाकडे आहे. २०२४ च्या सप्टेंबरात कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली. आरंभी ती आठवड्यातून तीन दिवसांची होती, आणि हातकणंगल्यास तिचा थांबा नव्हता. आम्ही वेगाचे वैरी नाही. थांबा दोन मिनिटांचा म्हटला, तरी वेग उतरविणे आणि पुन्हा धरणे यांत आणखी वेळ जातो, हे आम्ही जाणतो. प्रत्येक गावाचे ऐकले तर एक्स्प्रेस आणि पॅसेंजर यांत भेदच उरणार नाही, हेही खरे. वेगवान गाडी अवश्य असावी. आमचे म्हणणे इतकेच की, तिच्या पायी रोजच्या गाडीचा थांबा कमी होऊ नये.

कारण स्थानक लहान असले तरी उतरणाऱ्याचे काम लहान नसते. आमच्याहून कोल्हापूरकडे वळिवडे हे लहानसे स्थानक आहे. दुसऱ्या महायुद्धात मायदेशास पारखे झालेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत राहिले. नकाशात बोटाने दाखविण्यासही कठीण अशा त्या गावाने त्यांना आसरा दिला.

म्हणून कर्त्या मंडळींस आमची एक विनंती आहे. घरी मोटार असली तरी वर्षातून दोन-चार वेळा नातवंडांस घेऊन स्थानकावर जा, रांगेत उभे राहून तिकीट काढा, आणि कोयनेने निदान मिरजेपर्यंत तरी जाऊन या. थांब्याचा हिशेब शेवटी तिकिटांवरून होतो. सभेतल्या ठरावांनी तो फारसा बदलत नाही. जे आपण वापरीत नाही, ते राहावे असे म्हणण्याचा अधिकार आपला थोडाच उरतो. नित्यकर्म हे गाडीचे खरे, तसेच ते प्रवाशाचेही आहे.