गोळ्या कधी संपणार, हे रजिस्टर सांगत नाही

रविवारी वंदना झाली की आमच्या विहारात बीपी तपासणीचं टेबल लागतं. गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. आम्ही बीपी मोजतो, केसपेपर बघतो आणि रजिस्टरात नोंद करतो.

त्याच रजिस्टरात एका गवंडी काकांची नोंद होती : तीस गोळ्या, रोज एक. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी पानं उलटली. गोळ्या संपून सात आठवडे झाले होते. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, मग गोळी कशाला, असं त्यांना वाटलं. बीपी वाढलेला असला तरी बहुतेकदा काहीच जाणवत नाही. पण आम्हाला तर हे ठाऊक होतं ना?

चूक नोंदीत नव्हती, नोंदीच्या क्रमात होती. कोण कधी आलं, हे रजिस्टर सांगतं. आज कोणाला बोलवायचं, हे सांगत नाही. त्यासाठी दर रविवारी सगळी पानं चाळायची आणि बोटांवर तारखा मोजायच्या. ते कोण करणार?

आधी एक्सेल करून पाहिलं. तारखेत दिवस मिळवणं त्याला सहज जमतं. पण कार्यकर्ते बदलतात. कोणीतरी नकळत सूत्रच पुसलं आणि तारखा कोऱ्या झाल्या. मग वस्तीतल्या पॉलिटेक्निकच्या मुलीने पायथनमध्ये छोटी खिडकी तयार केली. विहारातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती इंटरनेटशिवाय चालते, सगळी नोंद एकाच फाईलमध्ये राहते.

पहिल्या आराखड्यात चौदा रकाने होते. आडनाव सक्तीचं, जात, आजार, सगळं सरकारी फॉर्मवरून उचललेलं. मी विचारलं, यातलं काय भरल्याशिवाय तारीख निघत नाही? उरले पाच : नाव, घराची खूण, फोन, आज हातात एकूण गोळ्या, रोज किती. ‘एकूण’ हा शब्द नंतर आला, कारण काही जण जुन्या सहा-सात शिल्लक असतानाच नव्या घेऊन येतात. साठ गोळ्या, रोज दोन, म्हणजे तीस दिवस. संपायच्या पाच दिवस आधी नाव यादीत चढतं. दोन प्रकारच्या गोळ्या असतील तर आधी संपणारी धरायची.

आजाराचा रकाना काढला ते बरंच झालं. कॉम्प्युटर दाराकडे तोंड करून होता आणि शेजारणी यादी वाचायच्या. आता टेबलही फिरवलंय, पासवर्ड आहे, फाईलची प्रत दर रविवारी पेन ड्राइव्हवर घेतो.

अ‍ॅप फोन करत नाही. ते माणसालाच करावे लागतात. मागच्या रविवारी यादीत अकरा नावं होती. नऊ फोन लागले, दोन घरी जावं लागलं. एक आजी लेकीच्या गावी गेल्या होत्या. गोळ्यांची पट्टी इथेच, उशीखाली.