सोमवारची पोटदुखी

सातवीतला एक मुलगा पोट दुखते म्हणून आमच्या बाह्यरुग्ण विभागात आला. सोबत आई होती. दुखणे बेंबीभोवती, सकाळी उठल्यापासून. ताप नाही, उलटी नाही, जुलाब नाहीत. सरकारी रुग्णालयात सोमवारी सकाळी रांग जिन्यापर्यंत गेलेली असते. मी पोट तपासले, जंताची गोळी आणि आम्लपित्ताचे औषध लिहून दिले. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी लघवी, शौच, रक्त तपासले, सोनोग्राफीही केली. सगळे अहवाल व्यवस्थित. ‘‘घाबरण्यासारखं काही नाही, बाहेरचं खायला देऊ नका,’’ असे सांगून मी त्याला घरी पाठवले.

तिसऱ्या वेळी केसपेपरवरच्या तारखांकडे माझे लक्ष गेले. तिन्ही दिवस सोमवार. रविवारी दुखते का, असे आईला विचारले. ती म्हणाली, ‘‘नाही मॅडम. दिवाळीच्या सुट्टीत तर एकदाही दुखलं नाही.’’ मी तिला पाच मिनिटे बाहेर बसायला सांगितले. सिस्टर खोलीतच होत्या. मुलाला विचारले, ‘‘मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातोस?’’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘डबा नाही खात. जिन्याखाली बसतो.’’

त्याचे वडील गटारसफाईचे कंत्राटी कामगार. वर्गातल्या काही मुलांना ते कळले, आणि तेव्हापासून या मुलाचे नावच बदलले. तो जवळ आला की नाक धरायचे. तो नळावर पाणी प्यायला की सर्वांसमोर नळ धुवायचा. एकदा दप्तर कचरापेटीत टाकले आणि त्याचा व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवला. हे पाच महिने चालू होते. एकदा त्याने धीर करून शिक्षकांना सांगितले. ‘‘लक्ष देऊ नकोस,’’ एवढेच उत्तर मिळाले. घरी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘बाबांना वाईट वाटेल.’’

दोन वेळा मी त्याचे पोट तपासले, पण त्याला स्वतःला एकही प्रश्न विचारला नव्हता. ती चूक माझी होती. (ओळख पटू नये म्हणून या मुलाबद्दलचे काही तपशील बदलले आहेत.)

दुखणे खरे असते

अहवाल चांगले आले की घरातले म्हणतात, ‘नाटक करतोय, शाळा बुडवायची आहे.’ तसे नसते. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंचे दाट जाळे आहे. भीती सतत राहिली की शरीरात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनॅलिन यांसारखी संप्रेरके वाढतात, आतड्यांची हालचाल बदलते, आणि एरवी जाणवलीही नसती अशी ताण-कळ दुखणे म्हणून जाणवू लागते. डोकेदुखी, झोप न लागणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, चक्कर, भूक मंदावणे ही त्याचीच भावंडे. २००९ साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. छळ सोसणाऱ्या मुलांमध्ये अशा शारीरिक तक्रारींची शक्यता इतर मुलांच्या सुमारे दुप्पट असल्याचे त्यात दिसले.

अर्थात प्रत्येक पोटदुखीचे खापर शाळेवर फोडू नये. वजन कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, ताप, लघवीला जळजळ, वाढ खुंटणे किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे, यांपैकी काहीही असेल तर शारीरिक कारण शोधायलाच हवे.

‘मोठा झाला की विसरेल’ हा समजही खरा नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. सात आणि अकराव्या वर्षी ज्यांचा छळ झाला होता, त्यांच्यात वयाच्या पन्नाशीलाही नैराश्य आणि चिंतेचे प्रमाण जास्त आढळले. हा निष्कर्ष लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ साली मांडला.

चेष्टा कुठे संपते?

मुले एकमेकांना चिडवतात, भांडतात, संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळतात. त्याला छळ म्हणत नाहीत. नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही उपयोगी पडतात. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसते. ही ताकद शरीराची असते, संख्येची असते, पैशाची असते. आपल्याकडे ती जातीची, भाषेची, रंगाची, अपंगत्वाचीही असते. आडनाव विचारून बाक बदलणे, २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश घेतलेल्या मुलांना ‘फुकटवाले’ म्हणणे, मासिक पाळीवरून मुलीला हिणवणे हे भेदभाव आहेत. ते एकदाच घडले तरी तक्रार करण्याजोगे आहेत.

युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरात जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याला आधीच्या महिन्याभरात किमान एकदा असा त्रास झाला होता. म्हणजे ‘आमच्या शाळेत असलं काही नाही’ असे कुणी म्हणाले, तर तिथे ते कुणी सांगत नाही एवढाच अर्थ घ्यावा.

मुले सांगत का नाहीत?

चहाडखोर ठरण्याची भीती असते. सांगितल्यावर त्रास वाढेल असे वाटते. आई शाळेत येऊन सर्वांसमोर भांडेल, किंवा मोबाइल काढून घेतला जाईल, हीही धास्ती असते. शिवाय लाज असते. आपल्यातच काही खोट आहे असे मूल मानू लागते.

म्हणून ‘तुला कुणी त्रास देतं का?’ असे थेट विचारले की उत्तर बहुतेकदा ‘नाही’ येते. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारावेत. डबा कुणाबरोबर खाल्लास? बसमध्ये शेजारी कोण बसतं? शाळेतली कोणती जागा आवडत नाही? उत्तर मिळाले की मध्ये बोलू नये, रागावू नये. ‘तू उलटून का नाही मारलंस?’ हे तर विचारूच नये. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आता काय करायचं ते आपण मिळून ठरवू,’ एवढे पुरते.

मूल ‘जगावंसं वाटत नाही’ अशा अर्थाचे काही बोलले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

तक्रार लेखीच करावी

त्या मुलाच्या आईला मी तक्रार करा म्हटले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘‘शाळेनं दाखला हातात दिला तर?’’ ही भीती मी अनेक आयांच्या तोंडून ऐकली आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. शिक्षकच मुलाला टोचून बोलत असतील, तर तेही त्यात येते.

तक्रारीची तयारी अशी करावी. एका वहीत तारीख, वेळ, जागा, काय घडले, कोण हजर होते, हे मुलाच्या शब्दांत लिहून ठेवावे. मोबाइलवरचे संदेश पुसू नयेत, स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. आधी वर्गशिक्षकांना भेटावे, मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. अर्जात शिव्याशाप नकोत. काय घडले आणि शाळेकडून काय हवे आहे, एवढेच लिहावे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्यावी. अर्ज घ्यायला नकार दिला, तर तो स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन भांडू नये; त्याने प्रकरण चिघळते आणि भोगावे लागते आपल्याच मुलाला.

शाळेने दाद दिली नाही, तर गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचा शिक्षण विभाग आहे. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि मूल स्वतःही तो फिरवू शकते. प्रत्येक मुलाला तो पाठ असावा.

इथे वाट पाहू नये

लैंगिक छळाचा संशय असेल, तर वरच्या पायऱ्या लागू होत नाहीत. ‘पॉक्सो’ कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यात शिक्षक, मुख्याध्यापक आणि आम्ही डॉक्टरही आलो. ‘आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या’ ही सबब चालत नाही. कळवले नाही तर सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय तपासणीसाठी एफआयआर आधी नोंदलेला असण्याची अट नाही. मुलाची ओळख जाहीर करण्यास कायद्याने बंदी आहे. हे सारे पालकांना ठाऊक असायला हवे, कारण घाबरलेल्या घराला ‘बदनामी होईल’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात.

शाळेच्या हातातले

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, शिपायाच्या नजरेसमोर लावली, तर तिच्यात चिठ्ठी कोण टाकणार? पेटी आडबाजूला असावी, ठरल्या दिवशी उघडावी आणि काय केले ते मुलांना कळावे. दोन्ही मुलांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावणे हा उपाय नव्हे. दुबळे मूल तिथे खरे बोलूच शकत नाही. त्रास झालेल्या मुलाचीच तुकडी बदलली, तर शिक्षा त्यालाच होते. त्रास देणाऱ्या मुलाशीही स्वतंत्रपणे बोलावे. त्याच्या घरी मारहाण असू शकते, त्यालाही मदत लागते.

सर्वात मोठी ताकद बघ्यांची. टोरांटोतील शाळांच्या मैदानांवर चित्रण करून झालेल्या एका अभ्यासात, सोबतच्या एखाद्या मुलाने मध्ये पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला होता.

त्या आईने अर्ज माझ्या टेबलावर बसूनच लिहिला. शाळेने पहिल्यांदा तो घेतला नाही. ‘मुलं आहेत, चालायचंच,’ असे तिला ऐकवले. पोस्टाने अर्ज पोचल्यावर मात्र बैठक झाली. नव्या वर्गशिक्षिकेने ग्रुपवरचा व्हिडिओ काढायला लावला, त्या मुलांच्या पालकांना एकेक करून बोलावले, आणि मधल्या सुट्टीत स्वतः नळापाशी उभ्या राहू लागल्या. वर्गातल्या दोघांनी त्याला आपल्याबरोबर डबा खायला बोलावले. सगळे मिटले असे नाही; एक-दोघे अजून टोमणे मारतात.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला, सर्दी-खोकल्यासाठी. वार गुरुवार होता. पोटाचे विचारले तर म्हणाला, ‘‘कधी कधी दुखतं, पण आता शाळेत जातो.’’ वडीलही सोबत आले होते. त्यांना सगळे सांगितले आहे, असे तो आपणहून म्हणाला.