किल्ला छापा, लढाई खेळा!

दिवाळीत किल्ला करता ना, दोस्तांनो? दगड, विटा, पोतं, वर चिखल, मग हळीव पेरायचे आणि मावळ्यांना त्यांच्या त्यांच्या जागी उभं करायचं. किल्ला झकास होतो, पण त्याची एक अडचण असते. एकदा दरवाजा पूर्वेला केला की केला! उद्या तो पश्चिमेला हवा म्हटलं तर सगळा चिखल पुन्हा कालवा. शिवाय महाराज सिंहासनावर आणि पहारेकरी दरवाज्यात नुसते उभे. लढाई काही होत नाही.

आज आपण असा किल्ला करणार आहोत, जो रोज नवा मांडता येईल आणि ज्यात खरोखर लढता येईल. त्यासाठी लागेल एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर (घरी नसला तर कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान चालेल), एक फासा आणि मूठभर चिंचोके.

आधी या खेळाबद्दल थोडं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. यात एकजण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो : ‘तुम्ही अंधाऱ्या भुयारात आहात, समोर दोन वाटा आहेत.’ बाकीच्यांनी प्रत्येकी एकेक सोंग घेतलेलं असतं. कोणी शिपाई, कोणी हेर, कोणी वैद्य. काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशानं सांगायचं. टेबलावर चौकोन आखलेला नकाशा असतो. एक इंचाचा एक चौकोन म्हणजे पाच फूट जमीन, असा या खेळातला रिवाज आहे.

पण दर वेळी नवा नकाशा काढणार कोण? म्हणून १९७६ साली याच खेळाच्या कंपनीनं नकाशाचे तयार तुकडे विकायला काढले. हवे तसे फिरवा, शेजारी शेजारी लावा, नवं भुयार तयार! १९९३ मध्ये लंडनच्या एका कंपनीनं असे नकाशे काढण्यासाठी ‘कॅम्पेन कार्टोग्राफर’ हे सॉफ्टवेअर आणलं. आता तर असे कितीतरी प्रोग्रॅम आहेत आणि काही चक्क फुकट आहेत. या तुकड्यांना इंग्रजीत टाइल म्हणतात. आपण सरळ फरशी म्हणू.

बरं, फरशी कशाची करायची? परदेशी भुयारं आणि आग ओकणारे राक्षस हवेत कशाला? आपण जाऊ साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात. (लोणावळ्याजवळचं थंड हवेचं खंडाळा वेगळं, बरं का! हे खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं.) याच तालुक्यात नीरेच्या दक्षिण तीरावर शिरवळ आहे आणि शिरवळला होता सुभानमंगळ नावाचा किल्ला. डोंगरावरचा नव्हे, सपाटीवरचा. १६४८ साली आदिलशाहीचा सरदार फत्तेखान शिवाजीराजांवर चालून आला. त्याची छावणी बेलसरला पडली आणि त्याच्या बाळाजी हैबतराव या सरदारानं सुभानमंगळ घेतला. राजे होते पुरंदरावर. त्यांनी कावजी मल्हाराला शिरवळवर धाडलं. लढाईत बाळाजी हैबतराव मारला गेला आणि किल्ला परत राजांकडे आला. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत ग्रंथात या लढाईचं वर्णन आहे. आज शिरवळला गेलात तर नदीकाठी त्या किल्ल्याचे थोडेसे अवशेषच दिसतील. पुण्या-साताऱ्याच्या एस.टी.त बसलेल्या कित्येकांना इथे किल्ला होता याचा पत्ताही नसतो.

म्हणजे दिवाळीच्या किल्ल्याला यापेक्षा चांगला विषय तो कोणता?

आता कॉम्प्युटर उघडा. ‘इंकस्केप’ नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते २००३ पासून चालत आलंय आणि आपल्या कामाला उत्तम आहे. ‘लिब्रेऑफिस ड्रॉ’ सुद्धा चालेल. ही सॉफ्टवेअरं चित्र ठिपक्यांनी साठवत नाहीत, रेघांनी साठवतात. ‘इथपासून इथपर्यंत एवढ्या जाडीची रेघ’ असं त्यांच्या लक्षात असतं. त्यामुळे चित्र कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. ठिपक्यांच्या चित्राचं तसं नसतं. छापील काम स्वच्छ यायला इंचाला ३०० ठिपके लागतात, असा हिशेब धरतात. आपली फरशी ९० मिलिमीटरची, म्हणजे साधारण साडेतीन इंचांची. तिला एका बाजूला हजाराहून जास्त ठिपके हवेत. मोबाइलवरून उचललेलं चिमुकलं झाड तिथे छापलंत तर ते झाड न दिसता हिरव्या विटांचा ढीग दिसेल!

९० मिलिमीटरच का? ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. त्यावर आडव्या दोन आणि उभ्या तीन अशा सहा फरश्या बसतात, शिवाय कडेला मोकळी जागाही उरते. ती लागतेच, कारण बहुतेक घरगुती प्रिंटर अगदी काठापर्यंत छापत नाहीत. फरशीत पाच बाय पाच चौकोन आखा, प्रत्येक १८ मिलिमीटरचा. चिंचोका त्यात छान मावतो. पाच हा आकडा मुद्दाम घेतलाय. पाचांत बरोबर मधला चौकोन मिळतो, चारांत मिळत नाही. तो मधला चौकोन आपल्याला फार लागणार आहे.

कारण असं की, फरशीचा मधला भाग कितीही सुंदर काढा, सगळा खेळ तिच्या कडांवर असतो. एका फरशीवरून बाहेर पडणारी वाट दुसरीत नेमकी त्याच जागी शिरली पाहिजे. म्हणून नियम करा : वाट बाहेर पडणार ती कडेच्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या चौकोनातूनच. मग कोणतीही फरशी कशीही फिरवा, वाटेला वाट मिळते.

हाच पेच खऱ्या नकाशांनाही पडतो, गंमत म्हणून नाही सांगत. १७६७ साली स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियानं सगळ्या देशाचा नकाशा अशाच तुकड्यांत कापलाय. त्यांच्या नेहमीच्या तक्त्यांवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. प्रत्येक तक्ता १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा. ७४ अंशांचा रेखांश खंडाळा तालुक्यातून जातो. त्यामुळे जुन्या क्रमांकांप्रमाणे शिरवळ ४७ एफ/१६ या तक्त्यात, तर त्याच तालुक्यातलं लोणंद शेजारच्या ४७ जे/४ मध्ये! शिरवळ आणि पुरंदर यांच्या मधूनही अशीच एक आडवी कडा जाते. कावजी मल्हार पुरंदरावरून शिरवळला आला तो एका तक्त्यातून दुसऱ्यात. त्या कडेवर नीरा किंवा रस्ता जरासा जरी सरकला, तर सगळा नकाशाच तुटायचा.

आता जरा डोकं चालवा. फरशीची प्रत्येक बाजू उघडी तरी असते किंवा बंद तरी. चार बाजू, म्हणजे २×२×२×२, १६ प्रकार. पण फिरवल्यावर जे सारखे दिसतात ते एकच धरले तर किती उरतात? कागदावर काढून बघा. फक्त सहा! त्यातली चारही बाजू बंद असलेली फरशी काय कामाची? उरल्या पाच. आणि आपल्या कागदावर जागा सहा. म्हणजे पाच नेहमीच्या फरश्या आणि सहावी खास, समजा किल्ल्याचा दरवाजा. नदीही घेतलीत तर प्रत्येक बाजूला तीन शक्यता येतात : वाट, पाणी किंवा बंद. मग ३×३×३×३, ८१ प्रकार, आणि फिरवून सारखे वगळल्यावर २४. हे २४ बसून काढा, रविवारची दुपार बरी जाईल.

हात्तिच्या, एवढ्या फरश्या काढायच्या कधी? इथेच तर सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. झाड एकदाच काढा आणि त्याचे ‘क्लोन’ ठेवत जा. नंतर वाटलं की झाड बाभळीचं न करता आंब्याचं करावं, तर मूळ झाड बदला. सगळीकडची झाडं आपोआप बदलतात. रेघ ग्रिडला आपोआप चिकटावी अशी सोय चालू करा, म्हणजे कडा अर्ध्या मिलिमीटरनंही चुकणार नाहीत. आणि थर करा : जमीन एका थरात, चौकोन दुसऱ्यात, गुपितं तिसऱ्यात. चोरवाटेचा थर लपवून खेळाडूंची प्रत छापायची, दाखवून सूत्रधाराची. सूत्रधारानं आपली प्रत मांडीखाली ठेवावी, हे सांगायला नकोच.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. झाडांच्या सावल्या एका बाजूला काढू नका, कारण फरशी फिरवली की सूर्यही फिरतो! आणि खरी भूमी फिरवायची नाही. शिरवळजवळ नीरा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. ती फरशी उलटी लावलीत तर पुरंदर एकदम दक्षिणेला जाईल. म्हणून ज्या फरश्या खऱ्या जागेच्या आहेत त्यांवर उत्तरेचा बाण काढा, त्या बाण वर ठेवूनच लावायच्या. किल्ल्याच्या आतल्या ओवऱ्या, कोठारं, विहीर हे सगळं तुमच्या मनातलं. त्या फरश्यांच्या कोपऱ्यात छोटासा ‘क’ छापा, कल्पनेतला ‘क’. माझ्या मते तो हवाच. नाहीतर चार वर्षांनी तुमचा धाकटा भाऊ त्या फरश्या बाहेर काढेल आणि सुभानमंगळच्या विहिरीची जागा शाळेत छातीठोकपणे सांगेल.

अंतराचा हिशेब तर फारच मजेदार आहे. सर्व्हेच्या मापानं काढली तर आपली एक फरशी साडेचार किलोमीटरची होते. शिरवळपासून पुरंदरपर्यंत चारेक फरश्या पुरतात. पण लढाईत एक चौकोन दीड मीटरचा, म्हणजे अख्खी फरशी साडेसात मीटरची. प्रवासाची एक फरशी लढाईच्या मापानं भरायला एका ओळीत ६०० आणि एकूण ३,६०,००० फरश्या लागतील! तेव्हा सगळं काढत बसू नका. प्रवासाच्या थोड्या, लढाईच्या थोड्या, आणि लढाईच्या फरश्या जिथे काही घडणार तिथल्याच : दरवाजा, तट, नदीचा उतार.

छापताना एक चकवा असतो. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ असं काहीतरी आधीच निवडलेलं असतं. ते चित्र गुपचूप लहान करतं. समजा ९७ टक्के झालं, तर ९० ची फरशी ८७.३ मिलिमीटरची होईल. आजच्या पाच आणि उद्याच्या पाच ओळीत लावल्यात की साडेतेरा मिलिमीटरचा फरक! तेव्हा १०० टक्के निवडा, आधी एकच कागद छापा आणि फूटपट्टी लावा. दुकानात छापत असाल तर काकांना तसं आधीच सांगा. मग फरश्या जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर खळीनं चिकटवा, वाळू द्या आणि कापा.

आता मांडा डाव. सूत्रधार तुमच्यातला एक. दोघं-तिघं कावजीच्या बाजूचे, दोघं बाळाजी हैबतरावाचे. (त्या बाजूला कोणी जायला तयार होणार नाही, म्हणून चिठ्ठ्या टाका. तेही लढणारे शिपाईच होते.) चिंचोके काळे आणि खडूनं रंगवलेले. खालच्यांनी तट खणायचा : ५ किंवा ६ पडले की एक दगड निघाला, तीन दगड निघाले की खिंडार. वरच्यांनी दगड टाकायचे : ६ पडला की खालचा एक चिंचोका बाद. नीरेच्या फरशीवर प्रत्येक चौकोनाला दोन चाली मोजा, पाण्यातून भराभर कोण चालणार? फरश्या पालथ्या ठेवा आणि कोणी तिथवर पोचलं की मगच उलटा. दरवाज्यामागे काय आहे ते सूत्रधाराखेरीज कोणालाच ठाऊक नको.

दरवाजा उघडायचा की तट खणायचा? की रात्र पडेपर्यंत नदीकाठी दबा धरायचा? फासा टाका!