मुभा आणि मर्यादा

चार माणसांनी मिळून एखादे काम अंगावर घेतले, की एक प्रश्न लवकरच उभा राहतो : प्रमुखाने सांगावे किती आणि सहकाऱ्यांवर सोपवावे किती? शाळेचा मुख्याध्यापक असो, जिनिंगचा व्यवस्थापक असो, सहकारी सोसायटीचा अध्यक्ष असो की ग्रंथालयाचा चिटणीस असो, या प्रश्नातून कोणीही सुटलेला नाही. कित्येक प्रमुख बारीकसारीक गोष्टही आपल्याला विचारल्यावाचून होऊ देत नाहीत. त्यामुळे हाताखालची माणसे विचार करावयाचे सोडून देतात आणि प्रमुख आठ दिवस परगावी गेला की काम अडून बसते. उलट कित्येक प्रमुख ‘तुम्हांला योग्य वाटेल ते करा’ असे सांगून मोकळे होतात. हे ऐकावयास उदार वाटते. परंतु योग्य कशाला म्हणावयाचे हे न सांगितल्यामुळे जो तो आपापल्या समजुतीने ओढतो, आणि काम बिघडले म्हणजे दोष करणाऱ्याच्या माथी येतो.

यावर तोडगा म्हणून अर्धा हुकूम आणि अर्धी मोकळीक द्यावी, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस ते पटत नाही. आमच्या मते हुकूमही पूर्ण असावा आणि मोकळीकही पूर्ण असावी. मात्र कोणत्या बाबतीत हुकूम आणि कोणत्या बाबतीत मोकळीक, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे. याचे उत्तम उदाहरण आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासातच आहे.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला. या लढ्यात तीन गोष्टी पक्क्या ठरलेल्या होत्या. कायदा मोडावयाचा तो उघडपणे, हात उगारावयाचा नाही, आणि शिक्षा झाली तर ती तक्रार न करता भोगावयाची. पुढारी पकडला गेला तर त्याच्या जागी कोण, हेही आधीच ठरले होते. ५ मेच्या मध्यरात्री गांधीजींना अटक झाली, तेव्हा अब्बास तय्यबजी पुढे आले. तेही पकडले गेले तेव्हा सरोजिनी नायडू पुढे आल्या. २१ मे रोजी धारासना येथील सत्याग्रह त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला. माणसे बदलली, काम थांबले नाही.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहू. येथे समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी एप्रिलमध्ये कायदा मोडला खरा. परंतु अशा विहिरी गावोगाव कोठून असणार? आणि पुसद, वणी यांसारख्या भागातील शेतकऱ्याला रोज बोचत होता तो राखीव जंगलाचा कायदा. गुरांना चारा हवा, चुलीला जळण हवे, आणि डोळ्यांसमोरच्या गवताला हात लावावयाची बंदी. येथील सत्याग्रह व्हावयाचा तर तो गवताचाच होणे स्वाभाविक होते. मे महिन्यात काँग्रेसच्या कार्यकारी समितीने जंगलच्या कायदेभंगालाही संमती दिली, आणि १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून अटक करवून घेतली. बापूजी मूळचे वणीचे आणि यवतमाळचे नामांकित वकील. पुढे विदर्भात ठिकठिकाणी हा जंगल सत्याग्रह पसरला.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की मीठ की गवत याचा निर्णय जागेवरच्या माणसांनी आपली परिस्थिती पाहून केला. ठरलेल्या तीन गोष्टींना मात्र कोणी हात लावला नाही. तेच गवत रात्री लपूनछपून कापले असते तर ती लोकांच्याही दृष्टीने चोरीच ठरली असती. आणखी असे, की पहिला विळा पुढाऱ्याने स्वतः चालविला. जे जोखमीचे काम इतरांस सांगावयाचे, त्याची जोखीम प्रथम आपण घ्यावयाची, हे त्यांनी कृतीने दाखविले.

याच बापूजींवर जुलै १९३३ मध्ये, काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष या नात्याने, फार अवघड निवेदन काढण्याची वेळ आली. सामुदायिक कायदेभंग थांबवावा. ज्याची तयारी असेल त्याने तो एकट्याने, स्वतःच्या जबाबदारीवर करावा. गुप्त पद्धती सोडून द्याव्यात, असा त्याचा आशय होता. तो सर्वांना रुचण्यासारखा नव्हता, परंतु संदिग्ध मुळीच नव्हता. काय थांबले, काय चालू राहिले आणि जबाबदारी कोणाची, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर त्यात होते.

याची दुसरी बाजू १९४२ साली दिसली. ८ ऑगस्टच्या मुंबईच्या ठरावात असे दिवस येतील हे ओळखलेले होते. सूचना मिळणे अशक्य झाले तर प्रत्येकाने सर्वसाधारण सूचनांच्या चौकटीत राहून आपले आपण चालावे, असे त्यात म्हटले होते. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढारी पकडले गेले. आपले आपण चालावे एवढे गावोगाव पोहोचले. ती चौकट समजावून सांगणारे तुरुंगात होते. १६ ऑगस्टला चिमूर व आष्टी येथे गोळीबार झाला, लोक मारले गेले, आणि खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी माणसेही मारली गेली. त्या लोकांच्या धैर्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. एवढेच म्हणावयाचे, की मर्यादा समजावून सांगण्याची वेळ संकटापूर्वी असते. संकटात ती मिळत नाही.

आपल्या संस्थांची कामे इतकी जिवावरची नसतात, परंतु न्याय तोच लागू पडतो. ग्रंथालयाची पुस्तकखरेदी घ्या. वर्षाची रक्कम किती, त्यातील मुलांच्या पुस्तकांसाठी किती आणि हिशेब कोणत्या तारखेस मांडावयाचा, एवढे समितीने लेखी ठरवावे. पुढे कोणती पुस्तके घ्यावयाची ते ग्रंथपालावर सोडावे, कारण वाचक काय मागतात हे त्याला रोज दिसते. निवडलेले एखादे पुस्तक अध्यक्षांना आवडले नाही, म्हणून ती निवड मोडू नये. मात्र रक्कम ओलांडली तर लगेच विचारावे. आणि ठरलेल्या चौकटीत राहून केलेले काम फसले, तर सभेपुढे उत्तर प्रमुखाने द्यावे, ग्रंथपालाला पुढे करू नये.

हे शेवटचे पथ्य सर्वांत कठीण आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. दिलेली मुभा पहिल्याच चुकीला काढून घेतली जाते असे एकदा दिसले, म्हणजे माणसे पुन्हा प्रत्येक गोष्ट विचारावयास येऊ लागतात. म्हणून पक्क्या गोष्टी थोड्या ठेवाव्यात, त्या सर्वांना तोंडपाठ असाव्यात, आणि बाकीच्या बाबतीत सहकाऱ्याच्या बुद्धीवर मनापासून भरवसा ठेवावा.